"एकही गोळी झाडलेली नाही" असं सांगतात, ते रिव्हॉल्व्हर खरंच नवंकोरं आहे का? (नागपूर)

कळमनावाला (धागाकर्ता), सोमवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कळमन्याला माझा संत्री-मोसंबीचा धंदा आहे. रोखीचा व्यवहार आणि पहाटेच्या अंधारात ये-जा. बऱ्याच खेट्या घातल्यावर हत्याराचा परवाना हातात आलाय, .३२ बोअरचा (बोअर म्हणजे नळीचं माप). नवंच घ्यायचं ठरलं होतं, पण ओळखीतून एक वापरलेलं समोर आलं. कानपूरचं, मधे मोडून उघडणारं नेहमीचं .३२ रिव्हॉल्व्हर. मालक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, ते वारले. हत्यार सध्या इथल्याच एका डीलरकडे जमा आहे आणि मुलाला विकायचंय. तो म्हणतो, "बाबांनी एकही गोळी झाडली नाही, डब्यासकट नवंकोरं आहे." भाव मात्र नव्याच्या जवळपास सांगतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आलेत, चकाचक दिसतंय.

मला यातलं ओ की ठो कळत नाही. एनसीसीत .२२ चालवली होती, तेवढीच. शुक्रवारी डीलरकडे बघायला जाणार आहे. काय बघू?

चिल्लरपार्टी, सोमवार रात्री ९:५८

"एकही गोळी झाडलेली नाही" म्हणजे सेकंडहँड स्कूटरवाल्याचं "लेडी डॉक्टरची गाडी आहे साहेब, फक्त घर ते दवाखाना". 😄 फोटोवर जाऊ नका. तेलाचा हात फिरवला की कुठलंही लोखंड फोटोत नवं दिसतं.

धंतोलीचा_पोट्टा, सोमवार रात्री १०:०५

भाऊ, आपल्या अंबाझरीच्या फॅक्टरीतून डायरेक्ट घेऊन टाक ना. सेकंडहँडच्या भानगडीत काहून पडतो बे?

निवृत्त_आर्मरर, सोमवार रात्री ११:२०

पोट्टेभाऊ, अंबाझरीत रिव्हॉल्व्हर बनत नाही. तिथे तोफगोळ्यांची कवचं आणि तत्सम माल होतो. .३२ येतं कानपूरहून. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. त्यात अंबाझरी 'यंत्र इंडिया'कडे गेली, जिचं मुख्यालयच आपल्या नागपुरात आहे, आणि कानपूरचा छोट्या हत्यारांचा कारखाना 'अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट'कडे गेला. आणि फॅक्टरीच्या गेटवर जाऊन भाजीसारखं काही मिळत नाही.

आता धागाकर्त्याकडे वळतो. माझी नोकरी कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात गेली, म्हणून जरा लांबण लागेल.

मुलगा खोटं बोलतोय असं धरून जाऊ नका. आपल्याकडचा परवानाधारक गोळ्या झाडतो तरी किती? काडतुसांची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते, प्रत्येक खरेदीची नोंद होते, आणि सराव करायला जाणार कुठे? त्यामुळे दहा-वीस वर्षांचं हत्यार खरोखर न झाडलेलं निघू शकतं. गोम वेगळीच आहे. आपल्याकडची हत्यारं झाडून खराब होत नाहीत, पडून खराब होतात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये कपाटात वर्षानुवर्षे, निवडणूक आली की ठाण्यात जमा, मालक गेला की डीलरच्या पेटीत. म्हणून "झाडलंय का" आणि "नवं आहे का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारायचे.

पहिला प्रश्न, झाडलंय का. डीलरला उघडून रिकामं दाखवायला सांगा, मग हातात घेऊन स्वतः परत बघा. बोट चापापासून लांब. सिलिंडरचं, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या चक्राचं, पुढचं तोंड बघा. गोळी उडाली की प्रत्येक घराभोवती (घर म्हणजे एका काडतुसाचा खण) काळपट-करडी रिंग बसते आणि ती सहजी पुरती निघत नाही. मग नळीच्या मागच्या टोकाशी, जिथे गोळी सिलिंडरमधून नळीत शिरते, तिथे बघा. त्याच्या वरच्या पट्टीच्या पोटाला बारीक जळल्याची रेघ आहे का? भरपूर झाडलेल्या रिव्हॉल्व्हरला तिथे धातू खाल्ल्यासारखी खाच पडते. सिलिंडरच्या मागे ज्या पाट्याला काडतुसाचा बुडखा टेकतो, त्यावर फायरिंग पिनच्या (काडतुसावर मार देणाऱ्या सुईच्या) भोकाभोवती पितळेचे चट्टे आहेत का, तेही पाहा. फक्त हे लक्षात ठेवा की कारखान्यातून निघतानाच चाचणीच्या गोळ्या झाडलेल्या असतात. थोडासा काळेपणा दिसला म्हणून मुलाला खोटारडा ठरवू नका.

नळीत बघताना नळी मोडून उघडायची आणि मागच्या टोकाशी पांढरा कागद किंवा अंगठ्याचं नख धरायचं. उजेड त्यावर पडून नळीत शिरतो. तोंडाकडून पाहिलं की आट्यांच्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचांच्या, कडा करकरीत दिसायला हव्यात. मग कोरडी पांढरी चिंधी फुलथ्रूने (नळी साफ करायच्या दोरीने) एकदा ओढा. काळी आली तर दारूची काजळी, तांबूस आली तर गंज, हिरवट आली तर पितळ-तांब्याचा अंश. पिवळट चिकट आलं तर जुनं तेल आटून डिंक झालंय. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बंद लोखंडी कपाटात त्याहून जास्त. शिलाई मशीनचं तेल म्हणू नका, लोक खोबरेल लावून ठेवतात!

दुसरा प्रश्न उद्या लिहितो. बायको ओरडतेय.

रेंजवाली, मंगळवार सकाळी ७:३०

काका, दुसऱ्या भागाची वाट बघतेय. तोवर माझं थोडं.

स्क्रू बघा, दादा. नव्या हत्याराच्या स्क्रूची खाच धारदार असते. खाचेच्या कडा फुगल्या असतील, चकाकत असतील तर कुणीतरी चुकीच्या पेचकसाने उघडलंय. "डब्यातून कधी बाहेरच काढलं नाही" म्हणणाऱ्याला तो स्क्रू दाखवा आणि गप्प बसा. पुढचं तो स्वतःच बोलेल.

डबा, पुस्तिका, साफसफाईची कांडी या गोष्टींना भाव देऊ नका. डबा जपून ठेवणं सोपं असतं.

डब्ल्यूसीएलवाला, मंगळवार सकाळी १०:१५

इतकं कशाला बघायचं? डीलरकडे ब्ल्यूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळा-काळा मुलामा, करून मिळतं. थोडं पॉलिश, नवं ब्ल्यूइंग, विषय संपला. माझ्या साडूने केलंय, नवं दिसतं एकदम.

निवृत्त_आर्मरर, मंगळवार दुपारी ३:०५

डब्ल्यूसीएलसाहेब, "नवं दिसतं" हीच तर भानगड आहे. उलट धागाकर्त्याने हेच तपासायचं, की हे आधीच कुणी करून ठेवलेलं नाही ना.

ब्ल्यूइंगच्या आधी घासतात. घासलं की कडा गोल होतात. कारखान्यातून आलेल्या फ्रेमच्या कडेवरून बोट फिरवलं तर ती जाणवते, दोन सपाट बाजू जिथे मिळतात तिथे सरळ रेघ दिसते. पुन्हा रंगवलेल्या हत्याराची ती रेघ मऊ पडते आणि सपाट बाजूवर उजेड धरला तर लाटा दिसतात. स्क्रूच्या भोकाची कड बशीसारखी खोलगट होते. पण सगळ्यात जास्त बोलतो तो नंबर. ठोकलेल्या आकड्याच्या कडेला मुळात धातू किंचित वर उचललेला असतो. घासल्यावर आकडा उथळ आणि पुसट होतो, आणि रंगाच्या खाली पुसटपणा लपत नाही. आधी न रंगवलेले भाग, म्हणजे घोडा (मागे ओढायची हातोडी), चाप, तेही जर काळे करून ठेवले असतील तर मग विचारूच नका. रंगाला जांभळी झाक असेल तर तीही शंकेची जागा.

खरं सांगायचं तर मला ब्ल्यूइंग उडालेलं, नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या कडेला होल्स्टरने पांढरं झालेलं हत्यार जास्त आवडतं. त्याचं वय उघड्यावर असतं.

आता पडून राहिल्याच्या खुणा. त्या बहुतेक बाहेरून दिसत नाहीत. मुठीच्या पट्ट्या काढायला लावा. लाकूड असो की प्लॅस्टिक, त्याखाली घाम आणि पावसाळ्यातला दमटपणा अडकतो आणि वर्षानुवर्षे तिथे कुणी तेल लावत नाही. मग फ्रेमची जी बाजू होल्स्टरला टेकलेली असते तीवर ठिपके शोधा. चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि ओल मिळून त्या जागी लोखंड खातात. हिरवा डाग असेल तर तो होल्स्टरच्या पितळी बटणाचा.

मग चाल. मोडून उघडणाऱ्या हत्यारात सगळा जीव बिजागरीत आणि वरच्या खिटीत असतो. बंद करून नळी एका हाताने आणि मूठ दुसऱ्या हाताने धरून हलकेच वर-खाली करा, खिटीपाशी कटकट जाणवता कामा नये. उघडताना काडतुसं बाहेर ढकलणारी चांदणी पूर्ण वर येऊन आपोआप खाली बसली पाहिजे. डीलरची परवानगी घेऊन घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा. घोडा मागे अडकण्याआधी किंवा त्याच क्षणी सिलिंडरही अडकला पाहिजे. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून थोडा फिरतोय असं असेल तर ते घर नळीसमोर बरोबर येत नाही. सहाही घरांना हे करा, एकच करून थांबू नका. सिलिंडरच्या खाचांमधून गोल फिरलेली बारीक रेघ दिसेल. ती असणं वाईट नाही, घरात बसून खटखट केलं तरी पडते. खाचांच्या कडा चेपल्या असतील तर मात्र वाईट.

गोळीबारचौक, मंगळवार दुपारी ४:४०

आणि चाप दाबून पाहायचा की नाही? रिकाम्याने खटखट केलेलं मला कुणी करू देत नाही.

रेंजवाली, मंगळवार दुपारी ४:५२

करू देत नाहीत ते बरोबरच. .२२ ची पिन काडतुसाच्या कडेवर मारते, रिकाम्यात ती थेट घराच्या कडेवर आदळते आणि तिथे खळगा पडतो. .३२ चं काडतूस मधे मार खाणारं आहे, त्यात तेवढा धोका नाही, पण जुन्या हत्याराची पिन कशाला पणाला लावायची? डमी काडतुसं असतील तर घाला आणि मग करा. नसतील तर अंगठ्याने घोडा आवरत सोडा.

आणखी एक, जरा अवांतर. कुणी वापरलेली एअर पिस्तूल घेणार असेल तर तिला हे वरचं काहीही लागू नाही. तिथे आधी दाबाची हवा भरायच्या नळकांड्यावरची तारीख वाचा. मोठ्या जर्मन कंपन्या त्या नळकांड्याला बनवल्यापासून १० वर्षांची मुदत देतात आणि स्पर्धेत मुदतीतलं नळकांडं वापरणं ही नेमबाजाची स्वतःची जबाबदारी धरली जाते. माझ्याकडे एक पिस्तूल "नवीकोरी, दोनदा वापरलेली" म्हणून आली होती. खरोखरच दोनदा वापरलेली असावी. मुदत मात्र केव्हाच उलटून गेली होती.

उमरेडचा_पाटील, मंगळवार संध्याकाळी ७:१०

राजेहो, मधातच घुसतो, माफ करजा. माह्याकडं आज्याची दुनळी हाये, बारा बोअरची, विलायती. आधी बाबाच्या लायसनवर होती, आता माह्या. रानडुकरं अन् रोही लय माजले हायेत, तर वावरात रात्री हवेत बार काढाले लागते, त्याहीले पळवाले. एक जण इकत मागून राह्यला, म्हन्ते "मिंट कंडिशन" हाये. मले मिंट म्हनजे पुदिना मालूम. हे खरंच चांगली हाये का, कसं समजन? अन् आजकाल बार लय मारते खांद्याले.

निवृत्त_आर्मरर, मंगळवार रात्री ९:३०

पाटील, तुमची शेवटची ओळ वाचून थांबलो. खांद्याला जास्त मारते, हे आधी. तोवर बार काढू नका, मी गंमत करत नाही.

जुन्या विलायती दुनळ्यांची घरं बहुतेक अडीच इंची, म्हणजे ६५ मि.मी. असायची. आता दुकानात मिळणारं काडतूस पुष्कळदा ७० मि.मी. चं असतं. आणि हा आकडा उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचा असतो. न उडालेल्याचं तोंड दुमडलेलं, म्हणून ते आखूड असतं आणि जुन्या घरात गुमान बसतं. उडालं की तोंड उघडून नळीच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. खांद्याला कळतं ते हेच असू शकतं. नळ्या उतरवा. बुडाकडच्या सपाट भागावर छाप असतात, त्यात घराची लांबी लिहिलेली असली तर कळेल. नसेल तर डीलरच्या कारागिराकडून मापून घ्या.

नळीच्या अंगावर लाकडातल्यासारखी वळणदार नक्षी दिसते का तेही बघा. दिसत असेल तर ती पट्ट्या पिळून जोडलेल्या जुन्या पोलादाची आहे, काळ्या दारूच्या जमान्यातली. तिच्यात आजचं धूरविरहित दारूचं काडतूस घालायचं नाही.

"मिंट"ची परीक्षा घरच्या घरी. बंदूक बंद करून वरची किल्ली (बंदूक उघडायचा खटका) कुठे थांबते ते बघा. नव्या दुनळीत ती मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे असते. झीज होते तशी मधे येते आणि मग डावीकडे जाते. पुढचं लाकूड काढा, बंद बंदूक मुठीपाशी धरून हलवा. खटखट वाजली तर नळ्या बसकणीवरून सैल झाल्यात. शेवटी नळ्या वेगळ्या करून खालच्या आकड्याने बोटावर लोंबत्या धरा आणि नखाने टिचकी मारा. स्वच्छ लांब नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट. भद्द आवाज आला तर पट्टीचा डाख (जोड) सुटलाय आणि आत गंज असणार.

उमरेडचा_पाटील, मंगळवार रात्री १०:०२

हाव. उद्याच पाह्यतो. बाप्पा, आज्या त काहीच नाही बोलला.

कोर्टरोड, बुधवार दुपारी १:२०

हत्यार कसं आहे ते तुम्ही बघताय, कागद कसे आहेत तेही बघा. वकिली सवय.

१. खासगी माणूस खासगी माणसाला विकतो तेव्हा शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि मग किमान ४५ दिवस थांबायचं. बयाणा देऊन हत्यार घरी आणायचा विचारही नको. इथे तर मूळ मालक वारलेत. वारसाला परवान्याशिवाय ते स्वतःजवळ ठेवता येत नाही, म्हणूनच ते जमा आहे. जमा हत्यार पात्र माणसाला विकण्याचा हक्क वारसाला कलम २१ देतं. नागपूर शहरात परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. तुमचा परवाना कुठला आहे त्याप्रमाणे त्या शाखेत जाऊन आधी विचारा.

२. आर्मररकाकांनी पुसट नंबरचं सांगितलं त्याला कायद्याची धार आहे. कलम ८ प्रमाणे हत्यारावरचा नंबर-खूण खोडणं, बदलणं गुन्हा आहे. आणि खोडलेल्या नंबरचं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ते खोडलं असं गृहीत धरलं जातं, नाही हे त्याने सिद्ध करायचं. डब्ल्यूसीएलवाले, साडूंना सांगा. परवान्यावरचा, जमा पावतीवरचा आणि लोखंडावरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे.

३. बाजारात अचानक इतकी "जवळपास नवी" हत्यारं का दिसतात? २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. तिसरं काढावं लागलं. साहजिकच जे सगळ्यात कमी वापरात होतं तेच लोकांनी काढलं. त्यामुळे न वापरलेलं हत्यार बाजारात येणं यात नवल काही नाही.

चिल्लरपार्टी, बुधवार दुपारी १:४५

आणि "इम्पोर्टेड, अनफायर्ड" म्हणून लाखांच्या घरात विकतात ते? सामान्य परवानाधारकाला आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासूनच बंद आहे. म्हणजे ते "नवं" पिस्तूल आज चाळिशीला टेकलंय.

कोर्टरोड, बुधवार दुपारी १:५२

तंतोतंत. आणि धागाकर्ते, एक युक्ती. जुन्या मालकाचा परवाना बघायला मागा. काडतूस खरेदीची नोंद त्यात असते. वारसाने हत्यार जमा करताना काडतुसंही जमा केली असतील, त्यांची संख्या पावतीवर असेल. वजाबाकी करा.

निवृत्त_आर्मरर, बुधवार दुपारी ४:१५

वा वकीलसाहेब! हे मला सुचलं नव्हतं. आम्ही सगळं लोखंडात शोधतो.

कळमनावाला, शुक्रवार रात्री ८:५०

जाऊन आलो. डीलर सज्जन निघाला, काचेच्या काउंटरवर फडकं अंथरून सगळं उघडू दिलं. मुलगाही होता.

वजाबाकी आधी सांगतो. परवान्यावर काडतूस खरेदीची एकच नोंद, २५ ची. जमा पावतीवर काडतुसं २५. म्हणजे एकही झाडलेली नाही, हे कागदावर सिद्ध. सिलिंडरच्या तोंडावर रिंगा नाहीत, मागच्या पाट्यावर पितळ नाही, नळी पांढऱ्या कागदावर आरशासारखी. नंबर खोल आणि स्वच्छ, तिन्ही ठिकाणी जुळला. कडा करकरीत. मुलगा माझ्याकडे बघून हसत होता.

मग मूठ काढायला सांगितली. उजवीकडच्या पट्टीखाली फ्रेमवर तांबूस पापुद्रा, नखाने थोडा सुटला. फ्रेमच्या डाव्या बाजूला वाटाण्याएवढा हिरवट गोल डाग, बटणाचाच. घोडा मागे ओढला तर जड, मधात बोट घातल्यासारखा. सहाही घरं वेळेवर अडकली, खिटीत कटकट नाही.

आणि एक कोडं. सिलिंडरच्या घरांत मागून टॉर्च मारला, तर पाच घरांत आत एकेक हिरवट-काळी रिंग दिसली. सहावं घर मात्र लख्ख. न झाडता हे कसं? मुलालाही माहीत नाही.

निवृत्त_आर्मरर, शुक्रवार रात्री ९:१५

अरे, गृहस्थ मोठे सावध होते! जुन्या पठडीतली माणसं पाचच काडतुसं भरतात, घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात. हत्यार पडलं, घोड्यावर आपटलं तरी गोळी उडू नये म्हणून. त्यांनी पाच भरून ते उशाशी किंवा कपाटात ठेवलं आणि वर्षानुवर्षे तसंच राहू दिलं. पितळेच्या नळकांड्याभोवती ओल धरली, कड जिथे संपते तिथे रिंग बसली. लख्ख घर ते रिकाम्याचं.

आता यावर सगळं ठरतं. जडपणाची फिकीर नको, आटलेलं तेल आहे, कारागीर पूर्ण खोलून धुईल. मुठीखालचा पापुद्राही वरवरचा असेल तर तेलात भिजवून बारीक पितळी तारेने निघेल. पण घरांतल्या रिंगा साफ करून बघायला सांगा. नुसता डाग असेल तर जाईल. जागेवर टोचे पडले असतील, म्हणजे बारीक खड्डे, तर झाडल्यावर नळकांडं फुगून त्या खड्ड्यांत धरून बसेल आणि चांदणीला ते निघणार नाही. स्वसंरक्षणाच्या हत्यारात ते चालत नाही. आणि ती २५ काडतुसं घेऊ नका, इतकी वर्षं पडून राहिलेली काडतुसं दगा देतात.

डब्ल्यूसीएलवाला, शुक्रवार रात्री ९:३०

म्हणजे न झाडलेलं आहे, पण नवं नाही. मग भाव नव्याचा कशाला?

चिल्लरपार्टी, शुक्रवार रात्री ९:३४

माझं मत, नवं घ्या. फरक थोडाच आहे.

रेंजवाली, शुक्रवार रात्री ९:४८

माझं उलट. पाचही घरं साफ निघाली तर हे सोडू नका, फक्त भाव उतरवा. आतलं-बाहेरचं सगळं बघून झालेलं हत्यार आहे, त्याचे दोष तुम्हाला माहीत आहेत.

कळमनावाला, सोमवार रात्री ८:१०

डीलरच्या कारागिराने माझ्यासमोर घरं साफ केली. चार घरांतल्या रिंगा पूर्ण गेल्या. पाचव्यात नखाला न लागणारा, भिंगातून दिसणारा एक पुसट डाग राहिलाय. डमी काडतूस घालून-काढून बघितलं, अडकत नाही. मुलाला मूठ काढून आतलं दाखवलं, त्याने भाव चांगलाच उतरवला. म्हणाला, "बाबा रोज पुसायचे हो." पुसत असतीलही, बाहेरून. उद्या परवाना शाखेत जातोय, कोर्टरोडसाहेबांनी सांगितलेलं सगळं विचारून घेतो.

निवृत्त_आर्मरर, सोमवार रात्री ८:४०

घ्या. घेतल्यावर होल्स्टर फेकून द्या, हत्यार त्यात ठेवायचं नाही. आणि परवान्यात बसेल तेवढी ताजी काडतुसं घेऊन रेंजवर एकदा प्रत्येक घरातून झाडून बघा, पाचव्यातलं नळकांडं कसं निघतं ते खास बघा.

उमरेडचा_पाटील, सोमवार रात्री ९:०५

काका, डीलरकडून मापून आनली. घर अडीच इंचीच हाये, छापावर बी तेच लिवलं हाये. किल्ली मधल्या रेषेच्या डावीकडं गेली. टिचकी मारली त भद्द वाजली. इकत मागनाऱ्याले काय सांगू?

निवृत्त_आर्मरर, सोमवार रात्री ९:२०

तिन्ही गोष्टी जशाच्या तशा सांगा, आणि दुकानातलं ७० मि.मी. काडतूस त्यात घालू नको हे लेखी द्या. वावरात तोवर फटाके वाजवा.